कॉर्डलेस ड्रिल घ्यायचंय, पण बॅटरी कुठल्या कंपनीची?

माडबाग | १२ एप्रिल, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

देवगड तालुक्यात आमचं घर आहे. मूळ घर चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं), मागच्या बाजूला नंतर वाढवलेल्या दोन खोल्या आरसीसी. बाजूला मांगर (शेड), त्यावर पत्रे. मी बरीच वर्षं पुण्यात होतो, गेल्या दिवाळीपासून कायमचा इथे आलो.

गेल्या जूनच्या पहिल्या वाऱ्यात मांगराचे दोन पत्रे सैल झाले. आगोट (पावसाची सुरुवात) तोंडावर असताना कुणी कारागीर मिळत नाही, म्हणून बाबा स्वतः शिडीवर चढले. वय बाहत्तर. खालून एक्स्टेन्शनची वायर ओढली होती, ती शिडीच्या पायाला अडकली. शेजाऱ्याने शिडी धरली म्हणून निभावलं. ते मी फोनवर ऐकलं, पण अजून डोक्यातून जात नाही. यंदा बिनवायरचं मशीन घ्यायचंच.

कामं अशी: पत्र्यांचे स्क्रू, खिडक्यांना जाळीच्या फ्रेम, आरसीसीच्या स्लॅबमधून दोन पंखे आणि झोपाळ्याचे हूक, चिऱ्याच्या भिंतीवर फळ्या. पुढेमागे कलमांच्या फांद्या छाटायला करवत हवी.

बजेट १५,००० पर्यंत. दुकानात १२, १८, २०, ४० व्होल्ट असं सगळं दाखवतात. ऑनलाइन तर ‘४८ व्हीएफ’, ‘१२८ व्हीएफ’ अशी मशीन निम्म्या किमतीत दिसतात. एकदा एका कंपनीची बॅटरी घेतली की पुढचं सगळं तिचंच घ्यावं लागतं म्हणतात, हे खरं का? जाणकारांनी सांगावं.

---

सातवा_मजला | १२ एप्रिल, रात्री १०:१५

वर्षातून दहा भोकं पाडायची असतील तर कॉर्डलेसच्या मागे लागू नका. ६०० वॉटचं १३ मिमी चकचं (बिट धरणाऱ्या जबड्याचं) साधं वायरचं ड्रिल घ्या. मोटरमधले कार्बन ब्रश गेले तर गल्लीतला माणूस बदलून देतो. माझं अकरा वर्षं चाललंय. बॅटरी वापरा न वापरा, म्हातारी होतेच.

---

रंधा | १२ एप्रिल, रात्री ११:०५

माडबाग, मी सांगलीचा, सुतारकाम करतो. मॉड्युलर किचन आणि दरवाजे. कॉर्डलेस मशीन माझ्या हातात रोज आठ तास असतं.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: हो, खरं आहे, आणि सगळा निर्णय तिथेच आहे. मशीन दहा वर्षं जातं. बॅटरी रोजच्या कामात तीन-चार, घरगुती वापरात फार तर सहा-सात वर्षं. म्हणजे त्याच मशीनला तुम्ही दुसरी, तिसरी बॅटरी घेणार. ती तेव्हा मिळेल का, हे आज बघायचं.

२०१४ ला मी एका कंपनीची दोन ड्रिल घेतली. नाव लिहीत नाही. मशीन झकास होती. चार वर्षांनी बॅटऱ्या बसल्या, नवीन मागायला गेलो तर कंपनीने तो खाचेचा आकारच बंद केलेला. दोन्ही ड्रिल आजही फळीवर आहेत, चक अजून डुगडुगत नाही, आणि उपयोग शून्य. तेव्हापासून मी मशीनच्या आधी बॅटरी बघतो.

मकिताची १८ व्होल्टची एलएक्सटी बॅटरी २००५ पासून त्याच खाचेची आहे. बॉशच्या निळ्या प्रोफेशनल मशीनचंही तसंच, १८ व्होल्टची नवी बॅटरी जुन्या मशीनला लागते. डिवॉल्टची सरकवून बसवायची बॅटरी अमेरिकेत ‘२० व्होल्ट मॅक्स’ आणि युरोपात ‘१८ व्होल्ट एक्सआर’ नावाने विकतात, वस्तू एकच.

पण ब्रँड एक म्हणजे बॅटरी एक, असं समजू नका. मकिताचीच एक ‘जी’ मालिका आहे, तीही १८ व्होल्ट, स्वस्त म्हणून दुकानदार पुढे करतो. तिची बॅटरी एलएक्सटीच्या मशीनला चालत नाही. ४० व्होल्टची एक्सजीटी तिसरीच. बॉशची हिरवी घरगुती मशीन आणि निळी प्रोफेशनल यांच्या बॅटऱ्याही एकमेकांत जात नाहीत. आणि १२ व्होल्टचं जग १८ पासून पूर्ण वेगळं.

दुकानात एक करा. पुढे घ्यायचं ते दुसरं मशीन, समजा ग्राइंडर किंवा करवत, काउंटरवर मागवा. ड्रिलची बॅटरी काढून त्यात सरकवा. कट्ट आवाज येऊन बसली आणि मशीन फिरलं की मगच बिल करा. बोर्डावरच्या नावावर विश्वास ठेवू नका.

---

निवृत्त_फिटर | १३ एप्रिल, सकाळी ६:५०

रंधा यांच्याशी सहमत. एक सूचना: कॉर्डलेसची बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावू नये, नाहीतर ती कमी भरायला लागते. आम्ही कारखान्यात हा नियम कडक पाळायचो.

---

विद्युतकण | १३ एप्रिल, सकाळी ११:३०

काका, तुमच्या कारखान्यातल्या बॅटऱ्यांना तो नियम योग्यच होता, कारण त्या निकेल-कॅडमियमच्या. १९६१ मध्ये ब्लॅक अँड डेकरने पहिलं कॉर्डलेस ड्रिल आणलं तेव्हापासून पुढे चाळीस-एक वर्षं तीच चालली. आता सगळीकडे लिथियम-आयन आहे आणि तिला उलटं चालतं. पार रिकामी करणं तिला मानवत नाही. मशीन मंद वाटलं की थांबा आणि लावा. बराच काळ ठेवायची असेल तर निम्मी भरून ठेवा.

माझं रोजचं काम बॅटरी पॅकचं आहे, म्हणून व्होल्टचा गोंधळ सोडवतो.

आत ज्या नळकांडी सेल असतात त्या प्रत्येकी ३.६ व्होल्टच्या. पाच सेल एकापुढे एक जोडल्या की १८. पूर्ण भरलेली सेल ४.२ पर्यंत जाते, म्हणून तोच पॅक चार्जरवरून काढल्या काढल्या २१ च्या आसपास दाखवतो. ‘२० व्होल्ट मॅक्स’ आणि ‘१८ व्होल्ट’ हे पाच सेलचेच दोन भाऊ. तीन सेल म्हणजे १०.८, त्याला आता १२ म्हणतात. दहा सेल एकापुढे एक म्हणजे ३६, त्याला कुणी ४० म्हणतं.

आता ते ‘४८ व्हीएफ’ आणि ‘१२८ व्हीएफ’. त्या ‘व्हीएफ’ला काही अर्थ नाही. असे चार पॅक मी स्वतः उघडलेत, ओळखीच्यांनी दुरुस्तीला आणलेले. चारही पॅकमध्ये पाच सेल. म्हणजे साधे १८ व्होल्ट, आणि एकात तर त्या पाचातली एक सेल वेगळ्या रंगाच्या वेष्टनाची, बहुधा जुन्या लॅपटॉपमधून काढलेली. वर मात्र मोठ्या अक्षरात ९८. दुकानात मल्टिमीटर लावून बघा, सगळं उघडं पडतं.

दुसरी परीक्षा वजनाची. नेहमीची १८६५० सेल (व्यास १८ मिमी, लांबी ६५ मिमी) साधारण ४५ ते ४८ ग्रॅमची असते. दोन ओळींच्या, दहा सेलच्या पॅकचं वजन खोक्यासकट सहाशे ग्रॅमच्या आसपास भरायलाच हवं. कुणी ‘६ एएच’ (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते) म्हणून चारशे ग्रॅमचं खोकं हातात दिलं तर आत पाचच सेल आहेत. त्या आकाराच्या चांगल्यात चांगल्या सेलमध्ये साडेतीन एएच मावतात, सहा मावत नाहीत.

आणि एएच हा आकडा फक्त किती वेळ चालेल ते सांगत नाही. दहा सेलच्या पॅकमध्ये भार दोन ओळींत वाटला जातो, त्यामुळे जोर लावल्यावर व्होल्टेज फारसं घसरत नाही. तेच ड्रिल २ एएचच्या एका ओळीच्या बॅटरीवर धापा टाकतं आणि ५ एएचवर सरळ आत जातं. पण शिडीवर डोक्याच्या वर हात करून काम असेल तर हलकी २ एएचच घ्या, खांदा दुखत नाही.

---

माडबाग | १३ एप्रिल, रात्री ८:२०

विद्युतकण, डोळे उघडले. ऑनलाइनचं ‘१२८’ मी जवळपास मागवलंच होतं.

मग १२ व्होल्टचं छोटं घेऊन चालेल का? हातात हलकं आहे आणि बजेटमध्ये दोन बॅटऱ्या येतात.

---

रंधा | १३ एप्रिल, रात्री ९:००

१२ व्होल्ट माझ्या खिशात असतं म्हणा ना. बिजागऱ्या, चॅनेल, हँडल, सगळं त्यावर. कपाटाच्या आत हात घालून स्क्रू मारायला त्यासारखं काही नाही. पण त्यावर करवत किंवा ग्राइंडर म्हणजे बैलाचं काम वासराला. तुमच्या यादीत फांद्या छाटायची करवत आहे, म्हणून १८.

---

द्राक्षवेल | १३ एप्रिल, रात्री १०:१०

तासगावजवळ माझी द्राक्षबाग आहे. रंधा म्हणतात ते मी उलट बाजूने सांगतो: यादीतलं सगळ्यात जड काम आधी बघा आणि त्या मशीनची बॅटरी ज्याची, त्याचंच ड्रिल घ्या. ड्रिल सगळेच बनवतात. चेनसॉ, हेज ट्रिमर, ब्लोअर, गवत कापायचं यंत्र हे सगळं एकाच बॅटरीवर देणाऱ्या कंपन्या मोजक्या.

आम्ही आधी ड्रिल घेतलं आणि मग एप्रिल छाटणीला बॅटरीची कात्री घ्यायला गेलो. ती त्या कंपनीत नव्हतीच. आता घरात तीन प्रकारचे चार्जर आहेत. सकाळी सहाला मजूर रांगेत उभे, आणि आदल्या रात्री मुलाने भलत्याच चार्जरखाली बॅटरी ठेवलेली. असा एक दिवस गेला म्हणजे हजेरीचे पैसे फुकट गेले.

आणि उन्हात बॅटरी ठेवू नका. बांधावर, ट्रॅक्टरच्या सीटवर नको. गरम झालेली लगेच चार्जरला लावू नका, सावलीत अर्धा तास राहू द्या. आमच्याकडे दुपारी लाइट नसते, म्हणून इन्व्हर्टरवर चार्ज करतो, काही अडचण नाही.

---

न्यूजर्सीकर | १४ एप्रिल, पहाटे ४:३०

मी मागच्या वर्षी भावासाठी इकडून किट नेलं, त्यातून शिकले ते सांगते. कुणी अमेरिकेतून आणून देतो म्हणालं तर आधी चार्जर बघा. इथले बहुतेक चार्जर १२० व्होल्टचे. आपल्याकडे २३० ला थेट लावला की एका सेकंदात धूर. आमचा वाचला, कारण वहिनीने चार्जरच्या मागची बारीक अक्षरं वाचली. नंतर भावाने त्याच कंपनीचा २३० चा चार्जर कोल्हापुरात घेतला. बॅटरी आणि मशीन तेच चालू आहे.

विमानात मशीन चेक-इनच्या बॅगेत आणि सुटी बॅटरी मात्र केबिनमध्ये, टोकांवर टेप लावून. मर्यादा वॉट-तासात मोजतात: व्होल्ट गुणिले एएच. १८ गुणिले ५ म्हणजे ९०, हे चालतं. १०० च्या वर गेलं की विमान कंपनीची परवानगी लागते, म्हणजे ६ एएचची बॅटरी (१०८) न विचारता आणू नका. आणि इथली वॉरंटी तिथे चालेल असं धरून चालू नका.

---

पत्रेवाला | १४ एप्रिल, दुपारी १:१५

माडबाग, मी कुडाळचा. फॅब्रिकेशन आणि शेड. तुमचं काम म्हणजे आमचं रोजचं, म्हणून लिहितो.

पत्र्याला इम्पॅक्ट ड्रायव्हर (ठोके देत स्क्रू आवळणारं मशीन) सगळे सुचवतील. तो जोरदार आहेच, पण नवशिक्याच्या हातात स्क्रू एवढा आवळतो की खालचा रबरी वॉशर चेपून बाहेर येतो. दोन पावसाळ्यांत तो रबर फाटतो आणि नेमकं तिथून गळतं. वॉशर टोपीच्या कडेला जेमतेम फुगलेला दिसला की थांबायचं. तुम्ही क्लच (ठरवलेल्या जोराला स्क्रू आवळणं थांबवणारा) असलेलं ड्रिल वापरा. कॉलर फिरवून मधल्या आकड्यावर ठेवा, दोन स्क्रू मारून बघा, मग एकेक आकडा वाढवा. स्क्रू पत्र्याच्या उंच वळीवर मारा, पन्हळीत नको.

स्लॅबमधल्या हूकसाठी हे ड्रिल घेऊच नका. त्यात ‘हॅमर’चं चित्र असतं, पण ते दोन दातेरी चकत्यांचं खडखडणं आहे. विटेत ठीक. काँक्रीटमध्ये दहा-बारा मिमीचं भोक पाडायला बसलात तर बॅटरी संपेल आणि बिटचं टोक निळं पडेल. त्याला एसडीएस रोटरी हॅमर लागतो, त्यात आत हवेच्या दाबाने पिस्टन ठोकतो. दोन हूकसाठी विकत कशाला? आमच्याकडून एका दिवसाला न्या. झोपाळ्याचा हूक आहे, त्यावर माणसं बसणार, तिथे गिट्टी (भोकात बसवायचा प्लास्टिकचा प्लग) आणि स्क्रूवर भागवू नका. अँकर बोल्ट घ्या, आणि सळी लागली तर भोक बाजूला सरकवा, सळी कापू नका.

चिऱ्याला हॅमर बंद. फक्त फिरवायचं. जांभा मऊ, ठोकलं की भोक आतून पसरतं आणि गिट्टी फिरत राहते. आठ मिमीची गिट्टी असेल तर साडेसहा-सातच्या बिटने सुरुवात करा.

शेवटचं, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते: तुमच्या वाडीत कुणाकडे कुठली बॅटरी आहे ते विचारा. जूनमध्ये लाइट तीन दिवस गेली की शेजाऱ्याची भरलेली बॅटरी उपयोगाला येते. आमच्या पट्ट्यात इलेक्ट्रिशियन आणि फॅब्रिकेटर मंडळींकडे दोनच खाचा जास्त दिसतात, मकिता एलएक्सटी आणि निळी बॉश. त्यातलं घ्या.

---

सातवा_मजला | १४ एप्रिल, दुपारी ४:००

शिडी, पत्रे आणि लाइट जाण्याचं वाचून माझं मत मागे घेतो. वायरचं ड्रिल माझ्या फ्लॅटला ठीक आहे, मांगराच्या छपरावर नाही.

पण एक शंका. ब्रशलेस घ्यावं का? तीन-चार हजार जास्त सांगतात.

---

विद्युतकण | १४ एप्रिल, संध्याकाळी ६:४५

रोजच्या कामाला डोळे मिटून. कार्बन नाहीत, घर्षण कमी, त्याच बॅटरीवर जास्त भोकं. वर्षाला वीस दिवस वापर असेल तर ते पैसे दुसऱ्या बॅटरीत घाला. कार्बनवालं मशीन कुडाळच्या दुकानातही उघडून दुरुस्त होतं, ब्रशलेसचा बोर्ड गेला की कंपनीकडेच जावं लागतं.

माडबाग, खाऱ्या हवेसाठी: बॅटरीची टोकं महिन्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसा. तेलाचा फवारा मारू नका. ठेवायची तर प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिकाच्या पुड्या टाकून, टोकांवर कंपनीचं टोपण लावूनच. खिळ्यांच्या डब्यात कधीच नको. एक खिळा दोन टोकांवर आडवा पडला की आग लागायला तेवढं पुरतं.

---

रंधा | १४ एप्रिल, रात्री ९:३०

आणि बॅटरी घेतल्या दिवशी तिच्या पोटाखाली मार्करने तारीख लिहा. वॉरंटीच्या वेळी बिल सापडत नाही, निदान महिना तरी कळतो. पक्कं बिल घ्या, वॉरंटीची नोंदणी त्याच आठवड्यात करा. बरेच जण ते राहून गेलं म्हणून रडतात.

---

माडबाग | ९ मे, रात्री ८:५०

मंडळी, घेतलं. उशिरा लिहितोय, हंगामात पेट्या भरण्यातून डोकं वर काढता आलं नाही.

आधी वाडीत विचारलं. आमच्या इलेक्ट्रिशियनकडे आणि वरच्या आळीतल्या फॅब्रिकेटरकडे दोघांकडेही मकिता एलएक्सटी. करवतीचं बघितलं, १८ व्होल्टच्या एकाच बॅटरीवर चालणारा २५ सेंमी पट्टीचा चेनसॉ त्याच खाचेत येतो. तिथे निर्णय झाला. कणकवलीच्या दुकानदाराने आधी ‘जी’ मालिकेचंच खोकं पुढे ठेवलं होतं, ‘अहो, तेच आहे, स्वस्तात आहे’ म्हणून. रंधादादा, मी काउंटरवर ग्राइंडर मागितला आणि बॅटरी सरकवून बघितली. बसली नाही. दुकानदाराने काही न बोलता दुसरं खोकं काढलं.

कार्बनवालं हॅमर ड्रिल आणि ३ एएचच्या दोन बॅटऱ्या. बजेटच्या साडेतीन हजार वर गेलो. घरी आल्यावर आईच्या किराण्याच्या काट्यावर बॅटरी ठेवली: ६३० ग्रॅम. तारीख लिहिली.

मांगराचे पत्रे झाले, एकशे चाळीस स्क्रू, एका बॅटरीच्या वर थोडं लागलं. पहिले सहा वॉशर चेपले, कॉलर दोन आकडे मागे घेतली, मग जमलं. ते सहा स्क्रू काढून नवे मारले. मी वर होतो, बाबा खाली शिडी धरून. खालून त्यांच्या सूचना अखंड चालू होत्या.

चिऱ्याच्या भिंतीत मात्र एक गिट्टी फिरतेच आहे. हॅमर बंद होता, बिट सातचा होता. प्लास्टरच्या आत पिवळी भुकटी निघाली आणि गिट्टी ढिली. काय करू?

---

पत्रेवाला | १० मे, सकाळी ७:३०

पिवळी भुकटी म्हणजे चिऱ्यातली मातीची गाठ लागली. तिथे काहीच धरणार नाही. फळीचा ब्रॅकेट दोन-अडीच इंच बाजूला घ्या आणि लांब गिट्टी घ्या, ७५ मिमीची, म्हणजे प्लास्टर सोडून चिऱ्यात पुरेशी जाते. बाजूला घेता येत नसेल तर भोक झाडून भुकटी पूर्ण काढा, केमिकल अँकर (भोकात भरून घट्ट होणारा मसाला) भरा, एक दिवस हात लावू नका.

रोटरी हॅमर सोमवारी मोकळा आहे. हूकचे अँकर १२ मिमीचे आणा, मी बिट देतो.

---

माडबाग | १० मे, सकाळी ८:०५

सोमवारी येतो. बाबाही येणार म्हणतायत, चेनसॉ तुमच्याकडे असला तर हातात धरून बघायचाय त्यांना.